चिऱ्याच्या भिंती आणि वायफाय

फोंड्याच्या चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) जुन्या घरात राउटर पुढच्या सोप्यावर आणि मागच्या खोलीत रेंज नाही, काय करू, असं एकाने विचारलंय; त्यावर ‘वायफायच्या दोन बँडपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) २.४ गिगाहर्ट्झ बंद करून फक्त ५ गिगाहर्ट्झ ठेवा’ असा सल्ला कुणीतरी दिलाय. तिथे तो उलटा पडेल. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण भिंतीत लवकर मरतं. त्यात चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी धरतो आणि ओली भिंत सिग्नल आणखी खाते. म्हणून मे महिन्यात चालणारी जोडणी जुलैत रडते.

आधी मोजा. फोनवर सिग्नल मोजणारं अॅप, म्हणजे वायफाय अ‍ॅनलायझर टाकून मागच्या खोलीत उभे राहा: उणे ६७ डीबीएमपर्यंत (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं) व्हिडिओ कॉल निभावतो, उणे ८० च्या खाली आशा सोडा. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ वर चॅनल (बँडमधली मार्गिका) १, ६ किंवा ११ यांतला मोकळा घ्या, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ.

रिपीटर (सिग्नल पकडून पुढे फेकणारा डबा) मात्र नको. साधा रिपीटर एकाच रेडिओवर घेणं-देणं करतो, वेग साधारण निम्मा होतो, आणि लोक तो नेमका रेंज नसलेल्या खोलीतच लावतात! त्यापेक्षा कौलांखालच्या वाशांवरून कॅट-६ ही नेटवर्कची केबल न्या (१०० मीटरपर्यंत चालते) आणि टोकाला दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट फक्त वायफायने पसरवणारा) म्हणून लावा. त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, वाटणारी सोय) बंद करायला विसरू नका, नाहीतर दोन्ही राउटर आयपी वाटत बसतील.