मदत हवी आहे : ओमेगा घड्याळ नवीन घ्यावं की प्री-ओन्ड? शनिवारपर्यंत सांगायचंय

कराडकर_अडकलाय
मंडळी पटकन सांगा, वेळ कमी आहे. ओमेगा सीमास्टर घ्यायचंय. शोरूममध्ये नवीन सहा लाखाच्या आसपास सांगतायत, डिस्काउंट विचारला तर कॉफी पाजली. पुण्यात एक प्री-ओन्डवाला (वापरलेली घड्याळं विकणारा) आहे, त्याच्याकडे सेम घड्याळ 3 लाख 40 ला आहे, बॉक्स पेपर सगळं, लेटेस्ट मॉडेल, वॉरंटी पण शिल्लक आहे म्हणतो. त्याने शनिवारपर्यंत थांबवून ठेवलंय कारण दुसरं गिऱ्हाईक पण मागे लागलंय. घ्यावं का? हो किंवा नाही सांगा. आणि स्मार्टवॉच घे म्हणू नका, ते आहे माझ्याकडे.

सेकंदकाटा
कुठलं सीमास्टर? ते एक घड्याळ नाही, अख्खं खानदान आहे. डायव्हर 300, अ‍ॅक्वा टेरा, प्लॅनेट ओशन, कुठलं? वॉरंटी कार्डावर तारीख काय? फोटो टाक. हो-नाही नंतर.

नाना_सदाशिव
साडेतीन लाख! माझं एचएमटी जनता आहे, 1978 साली पहिल्या पगारातून घेतलेलं. रोज पूजा झाली की चावी देतो. दिवसाला अर्धा मिनिट पुढे पळतं, ते दर सोमवारी मागे घेतो. अजून काय हवं असतं माणसाला.

कराडकर_अडकलाय
निळं डायल, स्टीलचा पट्टा. डायव्हर 300. कार्डावर 2021 आहे. फोटो त्याने काढू दिला नाही, म्हणाला पॉलिसी आहे.

दुबईत_पक्या
भावा दुबईतून आण. इथे भाव कमी, वर टुरिस्टला व्हॅट परत मिळतो. हातात घालून ये, कोण विचारतंय.

नाशिकचा_नव्याचा_भक्त
पक्या असले सल्ले देऊ नकोस. माझा मावसभाऊ असाच हातात घालून आला होता, कस्टमवाल्याने आधी मनगट बघितलं मग तोंड. ड्युटी-फ्री अलाउन्सच्या वरच्या सगळ्या रकमेवर ड्युटी भरली आणि वर दोन तास उभा राहिला.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर: नवीन घे. मी एकदा सेकंडहँडच्या नादाला लागलो. दुकानाचं नाव घेत नाही. डायलवर 300 मीटर लिहिलेलं घड्याळ, तारकर्लीला कमरेएवढ्या पाण्यात उतरलो, संध्याकाळी काचेच्या आतून दव. आधी एक ठिपका होता सहाच्या आकड्यापाशी, जेवून येईपर्यंत अर्धं डायल धुक्यात. दुकानदार म्हणाला तुम्ही क्राऊन (चावीची गुंडी) उघडा ठेवला असणार. संपलं.

सेकंदकाटा
ते सेकंडहँड होतं म्हणून झालं नाही, प्रेशर टेस्ट केली नव्हती म्हणून झालं. आतली रबरी गॅस्केटं कडक होतात, ती नव्या घड्याळाची पण होतात, फक्त वेळ लागतो. दर एक-दोन वर्षांनी टेस्ट करून घ्यायची असते. माझ्याकडे चार घड्याळं आहेत, त्यातली तीन प्री-ओन्ड, एकात पाणी नाही. नवीन घेऊन दाराबाहेर पडला की त्याच दुकानात विकायला जा, किती देतात बघ. पहिल्या मालकाने तोटा खायचा, आपण मजा करायची, एवढं साधं आहे.

नाशिकचा_नव्याचा_भक्त
आणि पहिल्या मालकाने ते का विकलं? हे कधी कुणी सांगत नाही. चांगली गाय कोण बाजारात नेतं?

सेकंदकाटा
रोलेक्स स्वतः आपल्या डीलरांमार्फत विकवते जुनी घड्याळं. 2022 च्या डिसेंबरात त्यांनी सर्टिफाइड प्री-ओन्ड चालू केलं, दोन वर्षांची गॅरंटी देऊन. मग त्यांची गाय पण आजारी का?

ठाणेकर_अस्मिता
तुमचं गाईगुजर नंतर करा. कराडकर, घड्याळ कुणासाठी आहे? स्वतःला की गिफ्ट? मनगट केवढं? बजेट नक्की किती, कारण सहा आणि साडेतीन यात फार अंतर आहे, म्हणजे सहा तुला परवडतायत की नाही?

कराडकर_अडकलाय
बजेट साडेतीनच. सहा नाहीत. गिफ्टच आहे. बहिणीच्या लग्नात दाजींना द्यायचंय. लग्न 14 डिसेंबरला.

ठाणेकर_अस्मिता
अरे!! हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं. लग्नात जावयाला वापरलेलं घड्याळ?

नाना_सदाशिव
आमच्या वेळी जावयाला एचएमटी दिलं की तो वर्षभर बाही दुमडून हिंडायचा.

मिरजेचा_मिलिंद
माफ करा पण ओमेगा मागितलंय का मुलाकडच्यांनी? तसं असेल तर हा घड्याळाचा धागाच नाही. हुंडाबंदीचा कायदा 1961 पासून आहे आणि आपण इथे पट्टा स्टीलचा की रबराचा करतोय.

कराडकर_अडकलाय
नाही हो, कुणी काही मागितलं नाही. याद्या झाल्या तेव्हा ते म्हणाले नारळ आणि मुलगी द्या. आमच्या वडलांचाच हट्ट आहे. दाजींना घड्याळांचा नाद आहे, साखरपुड्यात ते आमच्या वकीलकाकांच्या हातातल्या ओमेगाकडे बघत होते, तेवढं वडलांनी बघितलं आणि ठरवून टाकलं. आता गावात सांगून झालंय.

मिरजेचा_मिलिंद
हेच. कुणी मागत नाही आणि तरी प्रत्येक लग्नात देणं वाढतच जातं. साडेतीन लाख बहिणीच्या नावाने ठेवा.

सोनं_हेच_खरं
सोनं घ्या. सोन्याला सर्व्हिसिंग लागत नाही.

ठाणेकर_अस्मिता
दाजींना नाद आहे म्हणतोस म्हणजे त्यांना कळणारच की हे नवीन नाही. कार्डावर 2021 दिसेल. मांडवात काही बोलणार नाहीत, पण बहिणीला रात्री विचारतील.

सेकंदकाटा
उलट नाद असलेल्या माणसाला प्री-ओन्डचं काही वाटत नाही. बॉक्स पेपर असले की झालं. प्रॉब्लेम वडलांना वाटेल, दाजींना नाही. कराडकर, एक सांग, तारखेची खिडकी कुठे आहे? तीनच्या जागी की सहाच्या? आणि डायलवर लाटांची नक्षी आहे का? मागून काच आहे की बंद स्टील?

कराडकर_अडकलाय
तीनच्या जागी. लाटा नाहीत, प्लेन चकचकीत निळं. मागे स्टीलच आहे, त्यावर घोड्यासारखं काहीतरी कोरलंय. का?

सेकंदकाटा
मग तो लेटेस्ट म्हणतोय ते खोटं आहे. 2018 ला हे मॉडेल बदललं. आता 42 मिलिमीटर, तारीख सहाच्या जागी, डायलवर लाटा, मागून काचेतून मशीन दिसतं, आत 8800 कॅलिबर म्हणजे त्या नंबरचं मशीन, 15,000 गॉसपर्यंत चुंबकाचा परिणाम नाही. तू बघतोयस ते आधीचं, 41 मिलिमीटरवालं, आत 2500. तो घोडा म्हणजे सीहॉर्स. वाईट घड्याळ नाही अजिबात, मला तर जाडीला तेच आवडतं. पण शोरूमच्या सहा लाखवाल्याशी तुलना करून तुला स्वस्त वाटतंय ना, ती तुलनाच चुकीची आहे. सेम घड्याळ नाही ते.

कराडकर_अडकलाय
पण कार्ड 2021 चं आहे.

सेकंदकाटा
असू शकतं. कुठल्यातरी दुकानाच्या कपाटात तीन वर्षं पडून राहिलेला पीस 2021 ला विकला गेला असेल. ओमेगाची पाच वर्षांची वॉरंटी विकल्या तारखेपासून, म्हणजे वॉरंटी शिल्लक म्हणतो ते खरं असेल, काही महिन्यांची. पण आतलं तेल 2018 च्या आधीचं. किंवा मग कार्ड दुसऱ्याच घड्याळाचं आहे. कार्डावरचा सिरियल आणि लगवर (पट्टा अडकतो ते कान) कोरलेला सिरियल भिंग घेऊन जुळव, डोळ्यांनी नाही, ते आकडे राईच्या दाण्याएवढे असतात. आणि लग बघ, या घड्याळाचे लग पिळल्यासारखे वळलेले असतात, त्यावर एक चकचकीत पट्टी आणि एक ब्रशची पट्टी, मधली रेघ सुरीच्या धारेसारखी पाहिजे. ती रेघ साबणाच्या वडीसारखी गोल झालेली असेल तर दोन-तीनदा पॉलिश मारून झालंय, ते स्टील परत येत नाही. टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजायचं यंत्र) लावायला सांग, त्यातलं लिफ्ट अँगलचं सेटिंग या मशीनला 38 ठेवायला सांग, नेहमीच्या 52 वर ठेवला तर अ‍ॅम्प्लिट्यूडचा (आतलं चक्र किती झुलतं त्याचा) आकडा उगाच भारी दिसेल. त्याला 38 माहीत नसेल तर समज कुठल्या दुकानात उभा आहेस.

दुबईत_पक्या
एवढं करण्यापेक्षा दुबई.

सीए_साहेब_सोलापूर
दहा लाखाच्या वरच्या घड्याळावर 22 एप्रिल 2025 पासून 1 टक्का टीसीएस (विक्रेत्याने बिलाबरोबरच घ्यायचा इन्कम टॅक्स) आहे, रिटर्नमध्ये क्रेडिट घ्यायला विसरू नका.

ठाणेकर_अस्मिता
साहेब बजेट साडेतीन लाख आहे.

सीए_साहेब_सोलापूर
माहितीसाठी सांगितलं. बरं, बिल देतोय का तो? पक्कं बिल?

कराडकर_अडकलाय
बिल नको असेल तर 3 लाख 20 म्हणतो. कॅश.

सीए_साहेब_सोलापूर
मग उठून या तिथून. एका व्यवहारात दोन लाख किंवा वर कॅश घ्यायला परवानगीच नाही, जो घेतो त्याला तेवढ्याच रकमेचा दंड. आणि जुन्या मालाच्या डीलरला मार्जिन स्कीम असते, जीएसटी त्याच्या नफ्यावरच बसतो, पूर्ण किमतीवर नाही. म्हणजे बिल दिलं म्हणून त्याला वीस हजाराचा खड्डा पडतो हे मला पटत नाही. बिल नसेल तर उद्या चोरीचं निघालं तर काय दाखवाल? लग्नात दिलंय, पोलीस दाजींकडे जातील.

नाशिकचा_नव्याचा_भक्त
मी पहिल्यापासून काय म्हणत होतो.

सेकंदकाटा
तू नवीन घे म्हणत होतास. हा चोर आहे असं म्हणत नव्हतास. चांगले प्री-ओन्ड डीलर बिल देतात, लेखी वॉरंटी देतात, फोटो काढू देतात.

अर्थशास्त्र_अभ्यासक
थांबा असं माझं मत. स्वित्झर्लंड धरून चार देशांबरोबर जो करार मार्च 2024 ला झाला तो 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू आहे. स्विस घड्याळांवरची ड्युटी टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार. काही वर्षांत नवीन स्वस्त झालं तर जुन्याचे भावही उतरतील.

कराडकर_अडकलाय
लग्न थांबवू का मग?

ठाणेकर_अस्मिता
माझं ऐक. साडेतीनात नवीन लॉन्जिन्स येतं, पैसे पण उरतात. हायड्रोकॉन्क्वेस्ट बघ, नाहीतर स्पिरिट. ऑटोमॅटिकला पाच वर्षांची वॉरंटी. कार्डावर लग्नाच्या महिन्याची तारीख. माझ्या नवऱ्याला मी तेच दिलं, पाच वर्षं झाली, भांडी घासताना पण काढत नाही.

सेकंदकाटा
नवरा भांडी घासतो याचा फोटो टाका, घड्याळाचा नको.
लॉन्जिन्स चांगलंच आहे. पण ज्याची नजर ओमेगावर गेली त्याला लॉन्जिन्स म्हणजे श्रीखंडाऐवजी आम्रखंड. गोड आहे, पण ते नाही. थोडे पैसे वाढवून नवीन ट्यूडर बघ, रोलेक्सचीच धाकटी कंपनी.

नाना_सदाशिव
ऑनलाइन एचएमटी घेणाऱ्यांनो सावध. बंगळूरला 1961 साली सिटिझनच्या मदतीने चालू झालेला कारखाना, तो बंद पडल्यावर आता जो तो डायल रंगवून विकतोय. जनता हिरव्या-गुलाबी डायलमध्ये चकाकताना दिसलं की समजायचं ब्रश कालच फिरलाय.

ठाणेकर_अस्मिता
नाना, कुणी एचएमटी विचारलेलं नाही.

नाना_सदाशिव
विचारायला पाहिजे होतं.

कराडकर_अडकलाय
काल गेलो होतो. भिंग नेलं. सिरियल जुळला. पण लगची रेघ सेकंदकाटा म्हणाला तशी नाही, हात फिरवला तर कुठे कड लागतच नाही. टाइमग्राफर होता, 38 म्हटल्यावर तो पोरगा मालकाकडे बघायला लागला आणि मालक पंख्याकडे. मी म्हटलं माझा घड्याळजी आणतो, मागचं झाकण उघडून बघूदे, तर म्हणाला सील तुटेल, पाहिजे तर घ्या नाहीतर टोकन विसरा.

ठाणेकर_अस्मिता
टोकन?????

कराडकर_अडकलाय
हो ते सांगायचं राहिलं. दहा हजार दिले होते पहिल्याच दिवशी.

सीए_साहेब_सोलापूर
पावती?

कराडकर_अडकलाय
व्हॉट्सॅपवर अंगठा पाठवला होता त्याने.

मिरजेचा_मिलिंद
यूपीआयने दिले असतील तर स्टेटमेंट आहेच. लेखी मागा, ग्राहक आयोगाचं नाव काढा. लेटेस्ट मॉडेल सांगून जुनं दाखवलं हे चॅटमध्ये असेल तर तेवढंच पुरे आहे.

कराडकर_अडकलाय
सगळ्यांना थँक्स. अपडेट असा की सहा हजार परत मिळाले, चारवर पाणी सोडलं, डोक्याला ताप नको. घरी बहिणीला सांगितलं तर तिने दहा मिनिटांत दाजींनाच फोन लावला. ते म्हणाले असलं चोरून काही घेऊ नका, रविवारी बरोबर जाऊ, मला ट्यूडरचं छोटंवालं हातात घालून बघायचंय, वरचे पैसे मी घालतो. वडील अजून रुसलेत, गावात ओमेगा सांगितलंय म्हणतात. आता प्रश्न असा की जावयाने स्वतः पैसे घातले तर ते मांडवात आमच्याकडून म्हणून देता येतं का?

ठाणेकर_अस्मिता
येतं. आणि कानपिळीला जे काय काढायचं ते त्याच्याकडून व्यवस्थित काढ.

सोनं_हेच_खरं
कानपिळीला सोनं माग.

सेकंदकाटा
कराडकर, त्या दुकानाचा नंबर मेसेज करतोस का? बिलासकट 2 लाख 40 ला देत असेल तर ते सीमास्टर मी बघीन म्हणतो. लग गेलेत पण डायल स्वच्छ आहे ना?

नाशिकचा_नव्याचा_भक्त
अरे!!! म्हणजे आठवडाभर हे चाललं होतं होय.