नायसियावरचे लेख वाचतोय, बोलू काय?

रामबागकर_इंदूर: नमस्कार मंडळी. आमच्याकडे महिन्यातून एकदा उपासना झाली की पाच-सहा जण थांबतो, चहा घेतो आणि धर्मशास्त्राच्या नाहीतर चर्चच्या इतिहासाच्या नियतकालिकातला एखादा लेख वाचतो, या खेपेला बोलायचा नंबर माझा. २०२५ मध्ये नायसियाच्या धर्मसभेला (इ.स. ३२५ ची बिशपांची मोठी सभा) १७०० वर्षं झाली ना, म्हणून माझ्या गठ्ठ्यातले तीन अंक त्याचेच, इंग्रजी आणि जड. जो तो होमोऊसिओस होमोऊसिओस (म्हणजे पिता-पुत्र एकाच तत्त्वाचे) करतोय, मला आईला कळेल असं सांगायचंय. आणि बायबलात कुठली पुस्तकं घ्यायची तेही तिथेच ठरलं ना?

पोहे_जिरावण: नाही हो भिया, ते व्हॉट्सअ‍ॅपचं ज्ञान! ३२५ च्या सभेत मुख्य भांडण आरियस नावाच्या धर्मगुरूचं, पुत्र म्हणजे येशू निर्माण केलेला आहे का नाही यावरचं, शिवाय ईस्टर कधी ते, आणि २० नियम. त्यात पुस्तकांची यादी नाहीच. विसावा नियम मात्र वाचून दाखवा, रविवारी गुडघे न टेकता उभं राहून प्रार्थना करायची, आपल्या काकू मंडळींचे गुडघे सुटतील.

शेवटचा_बाक: आईला 'तेच' आणि 'तसंच' सांग दादा. पित्याचं तत्त्व तेच पुत्राचं, नुसतं तसंच नाही. मी एकदा एकाच सोन्याच्या दोन बांगड्या म्हणून सांगितलं तर आजी म्हणाली म्हणजे देव दोन की काय, तेव्हा बांगड्या नकोत 😅

जुने_अंक: ताई, 'तेच-तसंच' छान, पण 'तसंच' वाला होमोइऊसिओस हा पक्ष तीसेक वर्षांनी, ३५० नंतर पुढे आला, तो नायसियात बसवू नका. दुसरं, आपण उपासनेत म्हणतो तो मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, बराचसा ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलचा. ३२५ च्यात पवित्र आत्म्याबद्दल 'आणि पवित्र आत्म्यावर' एवढंच, पुढे लगेच आरियसवाल्यांना शाप. लेखकानं कुठला मजकूर घेतलाय ते आधी बघा, माझा अर्धा अभिप्राय नेहमी तिथेच होतो.

रामबागकर_इंदूर: काका, आत्ता काढून बघितलं. एकानं शीर्षकात ३२५ लिहिलंय आणि खाली आत्म्याचा अख्खा परिच्छेद, 'प्रभू व जीवन देणारा' वगैरे. मी तिथे पेन्सिलीनं 'सुंदर' लिहून ठेवलं होतं. खोडलं. संपादकांना पत्र टाकतोच, आणि आईसाठी 'तेच' नक्की, बांगड्या कॅन्सल.