मदत हवी आहे: काकांच्या 1974 च्या मार्कलिन खेळण्यातल्या रेल्वेला कोणता ट्रान्सफॉर्मर घेऊ?

नमस्कार मंडळी,

आमच्या थोरल्या काकांचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे. 1974 साली ते कंपनीच्या ट्रेनिंगला स्टुटगार्टला गेले होते, येताना त्यांनी मार्कलिन या जर्मन कंपनीचा, एचओ मापाचा रेल्वे सेट आणला. शनिवारातल्या वाड्यात दर दिवाळीला तो माजघरात मांडला जायचा. वाडा पडला, फ्लॅट झाले, आणि खोका माळ्यावर गेला तो तिथेच राहिला. मे महिन्यात लेकीला (वय 9) कोथरूडचं भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय दाखवलं. घरी आल्यावर तिने विचारलं, "मग आपली गाडी कुठंय?" त्याच रात्री खोका खाली काढला. काकांना आता नीट दिसत नाही. त्या दिवशी गाडीचा आवाज त्यांच्या कानावर पडावा, एवढंच मनात आहे.

इंजिन 3000 नंबरचं, काळं, छोटं. तेल सुकून काकवीसारखं घट्ट झालं होतं. दातेरी चाकांतून ते टूथपिकने खरवडून काढलं, आर्मेचरच्या (मोटारच्या फिरणाऱ्या भागाच्या) तांब्यावरची काजळी कापसाने पुसली आणि गुलाबीसर तांबं परत दिसायला लागलं तेव्हा फार बरं वाटलं. रूळ पत्र्याचे आहेत, वळणाचे 12 तुकडे जोडले की पूर्ण गोल होतो. प्रत्येक स्लीपरच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका आहे आणि इंजिनाच्या पोटाखालची लांब पट्टी त्यावरून घासत जाते. म्हणजे ही तीन रुळांची एसी पद्धत, एवढं मला समजलंय.

अडलंय ते ट्रान्सफॉर्मरपाशी. मूळचा निळ्या पत्र्याचा डबा आहे, पाटीवर 220 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 30 व्हीए (म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर). वायर वाकवली की वरचं रबर तडकतं. प्लग दोन पिनांचा, अर्थिंग नाहीच. आमच्याकडे रात्री मल्टिमीटरवर 240 दिसतात. हिशोब केला तर 16 व्होल्टच्या जागी साडेसतरा येणार, आणि दिशा बदलायला नॉब डावीकडे दाबला की जो 24 व्होल्टचा झटका जातो तो 26 च्या वर जाणार. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, नवी वायर टाकू आणि आधी पंख्याचा डिमर लावू, व्होल्टेज आपोआप खाली येईल. माझं मन धजत नाही, कारण नॉब लेकीच्याच हातात असणार आहे.

मधल्या काळात जुन्या बाजारातून 900 रुपयांना इंग्लंडचा एक जुना कंट्रोलर आणला, 12 व्होल्ट डीसी. विकणारा म्हणाला, सगळ्या रेल्वेंना चालतो. इंजिन चाललं, पण एकाच दिशेने. कंट्रोलरची दिशा बदलली तरी पुढेच जातं. शिवाय ओळखीतल्या एकांकडे अमेरिकन ट्रान्सफॉर्मर पडून आहे, 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. तो फुकटात मिळेल, फक्त आधी स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारा डबा) लावावा लागेल.

तर विचारायचं असं: निळा डबा दुरुस्त करावा की सोडून द्यावा? अमेरिकन चालेल का? आणि जुनाच पण भरवशाचा घ्यायचा तर कुठे, आणि घेताना काय बघून?

---

तांब्याची_तार:

निळा डबा काचेच्या कपाटात ठेवा, भिंतीतल्या सॉकेटपासून लांब. वायर बदलता येईल, तिसरी तार जोडून अर्थिंगही देता येईल, पण आतल्या वाइंडिंगमधलं (तारेच्या वेटोळ्यांमधलं) 50 वर्षांचं इन्सुलेशन कसं बदलणार? तेच 230 व्होल्टला तुमच्या मुलीच्या बोटांपासून वेगळं ठेवतं. डिमर तर मुळीच नको. तो वीज तुकड्यांत कापून देतो, ट्रान्सफॉर्मर त्याने गुरगुरतो आणि तापतो. आत गळती असली तर डिमरने ती थांबत नाही.

अमेरिकनही नको. स्टेप-डाउन व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. 60 हर्ट्झसाठी बेतलेल्या गाभ्यावर 50 हर्ट्झला चुंबकीय भार पाचव्या हिश्श्याने वाढतो, गाभा संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही) आणि डबा तापून हात लावू देत नाही. आकडेवारीच हवी तर 20 व्होल्ट कमी देऊन लोक चालवतात, पण लहान मूल असलेल्या घरात असली कसरत कशाला?

मार्कलिनचाच नंतरचा, पांढऱ्या प्लास्टिकचा, 230 व्होल्ट 50 हर्ट्झ असं स्पष्ट छापलेला शोधा. 32 व्हीएचा मिळतो. 32 भागिले 16 म्हणजे 2 अँपिअर. जुनं इंजिन पाऊण अँपिअरच्या आसपास घेतं, डब्यातला एकेक दिवा साधारण 50 मिलिअँपिअर. चार डब्यांत आठ दिवे धरले तरी सव्वा अँपिअरच्या आत बसतं. लाल आणि तपकिरी टर्मिनल रुळाला, पिवळं दिव्यांना.

आणि एक गोष्ट घट्ट धरून ठेवा. दोन ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट एकाच रुळाला कधीही जोडू नका. एकाचा प्लग उपसला तरी दुसऱ्याचे 16 व्होल्ट त्याच्यात उलटे शिरतात, आत वाढतात, आणि हातातल्या मोकळ्या प्लगच्या पिनांवर जीवघेणं व्होल्टेज येतं. स्वतः मोजून बघितलंय, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

---

सव्वासातची_राणी:

कंट्रोलर वाईट नाही, तुमच्या गाडीला चुकीचा आहे. डीसी इंजिनात कायम चुंबक असतो, प्लस-मायनस उलटे केले की दिशा बदलते. तुमच्या इंजिनात चुंबकाच्या जागीही वाइंडिंगच आहे, त्यामुळे ते आणि आर्मेचर दोन्ही एकदम उलटतात आणि दिशा तीच राहते. ती बदलायला रिले (विजेच्या झटक्याने हलणारा स्विच) लागतो, आणि रिलेला 24 चा झटका. उलट प्रकार जास्त घातक: साध्या डीसी इंजिनाला एसी दिलं तर ते जागच्या जागी थरथरतं आणि वाइंडिंग जळतं.

जुन्या बाजारात मी रविवारी सकाळी लवकर जातो आणि खिशात 9 व्होल्टची बॅटरी नेतो. दोन्ही बाजूंच्या चाकांना तारा टेकवायच्या, फिरलं तर उलट्या टेकवायच्या. चाकं उलटी फिरली की डीसी. पोटाखाली पट्टी असेल तर एक तार पट्टीला, एक चाकाला. डबे घेताना चाकंही बघा. मार्कलिनच्या जुन्या डब्यांत डावं-उजवं चाक धातूच्या आसाने जोडलेलं असतं, तो डबा दोन रुळांच्या डीसी लाइनवर ठेवला की लगेच शॉर्ट. तुमच्या रुळांवर मात्र चालतो. म्हणून डबे बिनधास्त घ्या, इंजिन तपासून घ्या, ट्रान्सफॉर्मर तिथून घेऊच नका.

ट्रान्सफॉर्मरला खरा बाजार जर्मनीच. तिथे सेट मोडून सुटे विकणारे भरपूर असतात. पण तांबं आणि लोखंड जड, पार्सल आणि कस्टम्स धरून स्वस्ताई उरत नाही. कुणी नातेवाईक येणार असतील तर त्यांनाच तिथे घ्यायला सांगा. आला की आधी सिरीज बल्ब (म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या एका तारेत मध्येच जोडलेला बल्ब) लावून चालू करा, 60 वॉटचा साधा पिवळा बल्ब. आउटपुटला काहीही न जोडता बल्ब भरून पेटला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबायचं.

---

मूळ धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. निळा डबा आज पुसून कपाटात ठेवला, प्लग कापून टाकला म्हणजे कुणाला मोह नको. माझी भाची म्युनिकला असते आणि ती कार्यक्रमाला येतेच आहे. काल रात्री तिच्याशी बोललो, तिला तिथेच पांढरा 32 व्हीएचा सापडलाय, पाटीचा फोटोही पाठवलाय: 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. कंट्रोलर जपून ठेवतो, कुणाकडे डीसी सेट असेल तर 900 लाच देईन.

आता एकच अडचण उरली. रिलेची स्प्रिंग सैल झालीय, बोटाने ढकलला तरी पाचातून दोनदा अडकतो. स्प्रिंग केसाएवढी बारीक आहे आणि पक्कड लावायची मला भीती वाटते. लक्ष्मी रोडच्या आसपास जुनी चावीची घड्याळं दुरुस्त करणारे कुणी असं काम हातात घेतात का? कुणी करून घेतलं असेल तर कृपया व्यनि करा.