वर्डल: एस-एच-ए पासूनचे पाच अक्षरी शब्द
रोज सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी आणि लेक वर्डल, म्हणजे सहा प्रयत्नांत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ, सोडवतो. काल दुसऱ्याच प्रयत्नात एस, एच, ए आणि शेवटचा ई हिरवा, म्हणजे अक्षरं बरोबर जागी! मग शेक, शेप, शेम, शेड लावत सुटलो. सहाही प्रयत्न संपले. उत्तर निघालं शेव्ह. 41 दिवसांची साखळी तुटली, लेकीचे डोळेच भरून आले. अशा वेळी काय करायचं?

प्रतिसाद 1: ताई, तिथे सात शब्द बसतात: शेड, शेक, शेल (एस-एच-ए-एल-ई), शेम, शेप, शेअर, शेव्ह. एकेक लावू नका. 'क्रॅम्प' टाका, आर, एम, पी एका फटक्यात तपासून होतात. काहीच लागलं नाही तर 'व्हॅलिड': व्ही, एल, डी. तेही नसले तर शेकच. पाचव्यापर्यंत नक्की सुटतं. हार्ड मोडमध्ये मात्र हे चालत नाही, हिरवी अक्षरं जागेवरच ठेवावी लागतात.

प्रतिसाद 2: मी पाचवीच्या मुलांना हेच शब्द फळ्यावर देते. शेवटी ई असला की 'शे', नसला की शार्क, शार्प, शॉल. लेकीला मोठ्याने वाचू द्या, कान लवकर शिकतो.

ताई: सातही शब्द तिने वहीत लिहिलेत, ई लाल पेनाने. उद्या पुन्हा पहिला दिवस. मनापासून आभार!