प्रति: खान्देशातलं ऊन आणि दारूगोळ्याचा साठा

'डीएससी यंत्रात (नमुना तापवत नेऊन त्यातली उष्णतेची देवघेव मोजणारं यंत्र) नायट्रोसेल्युलोजचं (तोफा-बंदुकांच्या धूररहित दारूतला मुख्य घटक) विघटन दीडशे अंशांच्या बरंच पुढे दिसतं, मग भुसावळच्या ४५ अंशांची कसली भीती?' असं वर एका दादांनी विचारलंय. दादा, तो आकडा काही मिलिग्रॅमचा नमुना भराभर तापवल्यावरचा आहे. विघटन त्याच्या कितीतरी खाली, साध्या हवेतल्या तापमानालाही, संथपणे चालूच असतं. त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड पुढच्या विघटनाला आणखी वेग देतात. ते अडवायला दारूत डायफिनाइलअमाइनसारखं स्थिरक घालतात, आणि ते हळूहळू खर्ची पडतं. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली तर फारच लवकर!

शिवाय साठा मोठा असला की ओल्या चाऱ्याच्या गंजीसारखा आतून तापतो, उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. १९११ मध्ये तूलाँ बंदरात 'लिबर्ते' ही फ्रेंच युद्धनौका अशाच बिघडलेल्या दारूमुळे उडाली, शेकडो माणसं गेली.

म्हणून दारूचा नमुना ६० ते ९० अंशांत कित्येक दिवस ठेवून निघणारी उष्णता मोजायची आणि शिल्लक स्थिरक तपासायचं. हे दोन्ही आकडे हातात असल्याशिवाय वरणगाव-भुसावळच्या हवेत साठा किती वर्षं टिकेल, हे कुणी छातीठोकपणे सांगू नये.