मदत हवी आहे: वूकॉमर्सवर कार्ड टेस्टिंग, कॅप्चा लावूनही थांबेना

पैठणी-हिमरूचं ऑनलाइन दुकान, वूकॉमर्सवर (वर्डप्रेसचं दुकानाचं प्लगइन), शेअर्ड होस्टिंग. चोरलेली कार्डं चालतात का, हे कुणीतरी आमच्या दुकानात छोट्या ऑर्डरी टाकून तपासतंय (कार्ड टेस्टिंग). चार रात्री झाल्या, १४९ रुपयांच्या रुमालाच्या शे-दीडशे ऑर्डरी पडतात. बहुतेक फेल, कार्डं सगळी परदेशी, त्यामुळे ओटीपीचा अडसर नाहीच. कार्ड नंबर आमच्याकडे साठत नाहीत. पास झालेल्या दोन लगेच रिफंड केल्या.

चेकआऊटवर कॅप्चा लावला, आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) ब्लॉक केले. दर वेळी नवा आयपी. लॉगमध्ये चेकआऊटचं पान उघडल्याची नोंदच नाही, थेट स्टोअर एपीआयवर (पान न उघडता प्रोग्रामने ऑर्डर टाकायची वाट) पोस्ट. कॅप्चा दारात, चोर माळवदावरून! एपीआय बंद करावा तर ब्लॉक चेकआऊटही (वूकॉमर्सचं ब्लॉक्सनी बनलेलं चेकआऊटचं पान) त्यावरच चालतो. परदेशी कार्डंही बंद करता येत नाहीत, दुबईची गिऱ्हाइकं आहेत.

मोबाइल नेटवर्कवर एका आयपीमागे अनेक ग्राहक असतात, मग रेट लिमिट (एका आयपीवरून ठरावीक वेळात किती विनंत्या चालतील ती मर्यादा) किती ठेवावं? की फक्त परदेशी कार्डांना थ्रीडी सिक्युअर (ओटीपीसारखी बँकेची जादा पडताळणी) सक्तीचं करायला पेमेंट गेटवेला सांगता येतं?