जॉन ल कारे : वाचनाची सुरुवात कोठून करावी आणि पडद्यावर काय पाहावे?

प्रश्न

‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ हा ब्रिटिश हेरकथाकार जॉन ल कारे यांच्या कादंबरीवरील २०११ सालचा चित्रपट नुकताच पाहिला. गॅरी ओल्डमन यांनी साकारलेला जॉर्ज स्मायली मनातून जात नाही, परंतु कथेचे धागे मला नीट जुळवता आले नाहीत. कोण कोणावर का संशय घेतो आहे हे उमगेपर्यंत पुढचा प्रसंग सुरू झालेला असे. ल कारे यांचे एकही पुस्तक मी अद्याप वाचलेले नाही. ते स्वतः हेरखात्यात होते, तर त्या अनुभवाचा कितपत भाग कादंबऱ्यांत उतरला आहे? आणि वाचनाची सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

प्रतिसाद १

आपला गोंधळ स्वाभाविक आहे. १९७४ च्या मूळ कादंबरीत स्मायली जुन्या फायली चाळत आणि निवृत्त सहकाऱ्यांना बोलते करत ब्रिटिश हेरखात्यातील घरभेद्याचा माग काढतो. म्हणजे तिचा बराचसा भाग आठवणींचा आहे, आणि तो दोन तासांत बसवताना दुवे गळणारच. म्हणून १९७९ ची बीबीसीची सात भागांची मालिका अवश्य पाहावी. तिच्या आरंभी चार वरिष्ठ अधिकारी एकेक करून बैठकीच्या खोलीत येतात आणि जवळजवळ काहीही बोलत नाहीत, तरी कोण दार कसे लावतो आणि कोण बशीने झाकलेला चहाचा कप सांभाळत येतो, एवढ्यावरून चौघांचे स्वभाव कळतात. ॲलेक गिनेस यांचा स्मायली तर इतका पक्का ठसला की पुढे लिहिताना स्वतः लेखकालाही त्यांचाच चेहरा आणि आवाज टाळता येईना.

वाचनासाठी मात्र ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (१९६३) आधी घ्यावी. ती आटोपशीर आहे आणि पूर्वतयारी मागत नाही.

प्रतिसाद २

हेरखात्यातील अनुभवाविषयी थोडे सविस्तर लिहितो. ल कारे यांचे खरे नाव डेव्हिड कॉर्नवेल. जन्म १९३१ चा, इंग्लंडमधील पूल या गावचा. ते आधी एमआय-५ या ब्रिटनच्या देशांतर्गत गुप्तचर संस्थेत आणि नंतर एमआय-६ या परदेशांतील हेरगिरी करणाऱ्या संस्थेत होते. १९६१ साली बर्लिनची भिंत उभी राहिली तेव्हा ते पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनच्या ब्रिटिश वकिलातीत काम करत होते, आणि त्या भिंतीच्या दर्शनाने आलेला संताप ‘द स्पाय हू केम इन…’मध्ये ओतला गेला आहे. सरकारी सेवेत असताना स्वतःच्या नावाने कादंबरी छापता येत नसल्याने टोपणनाव घ्यावे लागले. १९६३ मध्ये सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारा ब्रिटिश गुप्तचर अधिकारी किम फिल्बी मॉस्कोला पळून गेल्याचे उघड झाले. ‘टिंकर टेलर’मधील घरभेद्यामागे त्या प्रकरणाची सावली आहे.

तरीही माझ्या मते त्यांच्या लेखनाचे मूळ हेरखात्यात नसून घरात आहे. वडील रॉनी हे अट्टल ठकसेन होते, फसवणुकीबद्दल तुरुंगात गेलेले. मुलगा पाच वर्षांचा असताना आई घर सोडून गेली. घरात खरे काय आणि बनाव काय हे सतत ताडत राहावे लागलेल्या मुलाला हेरगिरी शिकवावी लागत नाही. वडील १९७५ साली वारले, आणि त्यानंतर अकरा वर्षांनी ‘अ परफेक्ट स्पाय’ प्रसिद्ध झाली. तिच्यातील रिक पिम म्हणजे रॉनीच. या माणसाविषयी लेखकाला एकाच वेळी वाटणारी चीड आणि माया वाचताना मला पुस्तक अनेकदा खाली ठेवावे लागले. मालिका, चित्रपट काहीही पाहा, परंतु ही कादंबरी चुकवू नका.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी बहुतांशी सहमत आहे, फक्त २०११ च्या चित्रपटाची बाजू मांडावीशी वाटते. त्यातील नाताळच्या मेजवानीचा प्रसंग कादंबरीत नाही, पण पात्रांमधला जिव्हाळा आणि त्याचा झालेला घात तो प्रसंग जवळजवळ शब्दांविना सांगतो. त्या गर्दीत स्वतः ल कारे क्षणभर दिसतात. कादंबरीत चेकोस्लोव्हाकियात घडणारी फसलेली मोहीम चित्रपटात बुडापेस्टला नेली आहे, आणि त्याने काही बिघडलेले नाही. चित्रपट दुसऱ्यांदा पाहिल्यास सुटलेले धागे आपोआप हाती लागतात.

जुन्यांपैकी मार्टिन रिट यांचा १९६५ चा ‘द स्पाय हू केम इन…’ हा कृष्णधवल चित्रपट पाहा. रिचर्ड बर्टन यांनी साकारलेला थकलेला, कडवट नायक लीमस मूळ पुस्तकाला शोभतो. पुढच्या वर्षी ‘कॉल फॉर द डेड’ या पहिल्या कादंबरीवर सिडनी ल्युमेट यांनी ‘द डेडली अफेअर’ काढला, पण स्मायली या नावाचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे असल्याने त्यात नायकाचे नाव चार्ल्स डॉब्स झाले आहे. पाहताना गोंधळू नये म्हणून सांगून ठेवतो.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ वाचायला घेतो आहे. रॉनी यांच्याविषयी वाचल्यावर ‘अ परफेक्ट स्पाय’ही लगेच मिळवावी असे वाटते आहे. ती वाचण्यासाठी स्मायलीच्या कादंबऱ्या आधी वाचलेल्या असणे आवश्यक आहे का?

प्रतिसाद २

मुळीच नाही. तिच्यात स्मायली येतच नाही.